रविवारचं ढेकूळ

सकाळी चर्चमध्ये मिस्सेला जाताना सार्जंट मॅलाकी ग्रिलीला आवारातल्या हेरिटींच्या थडग्यापाशी एक ढेकूळ उलटलेलं दिसलं. फावड्याच्या पात्याएवढं, गवतासकट कापून शेजारी ठेवलेलं. त्याने टोपी काढली, छातीवर क्रूस केला आणि बायकोला सांगितलं की नोनी हेरिटी गेली. बायको म्हणाली, सुटली बिचारी. मिस्साभर दोघांनी नोनीच्या आत्म्यासाठी प्रार्थना केली.

कार्नबॉय गावात दुसऱ्या कोणीही हाच अर्थ काढला असता. इथे सोमवारी नवी कबर उघडत नाहीत. उघडली तर वर्ष संपायच्या आत त्याच घरातलं आणखी एक माणूस तिच्यात जातं, असं सगळे मानतात. मानत नाही म्हणणारेही मानतात. पण माणसं वार बघून मरत नाहीत, म्हणून जुन्या लोकांनी त्यावर तोड काढून ठेवली आहे. सोमवारी खणायचं असेल तर घरच्या माणसाने रविवारी जाऊन एक ढेकूळ उलटून यायचं. कबर रविवारीच उघडली असं मग धरतात.

हेरिटींच्या घरात तीनच माणसं उरली होती. कोलमन आणि फेस्टी हे दोघे भाऊ, दोघेही साठीच्या आसपासचे आणि बिनलग्नाचे. आणि त्यांची आत्या नोनी, वय एक्क्याण्णव. ढेकूळ कोणासाठी हे सार्जंटला कोणाला विचारावंसं वाटलं नाही.

दुपारी जेवताना फोन आला. हेरिटींची शेजारीण डिलिया मॉरोनी बोलत होती. घरात मयत झालंय, म्हणाली. सार्जंट म्हणाला, माहीत आहे, संध्याकाळी येतो. डिलिया म्हणाली, संध्याकाळी नको, आत्ता ये, आणि गणवेशात ये. कोलमन गेला होता. फेस्टी मिस्सेहून परतला तेव्हा तो कोठारात माळ्याच्या शिडीखाली पडलेला सापडला.

सार्जंटने हातातला काटा खाली ठेवला. कोलमन सापडला मिस्सा संपल्यावर. ढेकूळ मिस्सेच्या आधीपासून उलटलेलं होतं. हे दोन्ही त्याने एकदा मनात शेजारीशेजारी ठेवून पाहिलं आणि तो खुर्चीवरून उठला. त्यानंतर त्या दिवशी तो कुठेही नीट बसला नाही.

गाडी त्याच्या हाताखालची पोलीस इमर डीगन चालवत होती. ती डब्लिनची. वसंतात तिची इथे बदली झाली होती, आणि ती बढतीची नव्हती हे सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्याच रविवारी तिने चर्चबाहेर उभं राहून प्रत्येक गाडीचे टायर तपासले. झिजलेल्यांत फादरची गाडी निघाली आणि सार्जंटचीही. सार्जंटने टायर बदलले, पण पुढचा पंधरवडा तो तिच्याशी फक्त कामापुरतं बोलला. त्याची रीत वेगळी होती. कोणाच्याही घरी जाऊन चहा घ्यायचा, दुसरा कप घ्यायचा, तिसऱ्या कपापर्यंत घरमालक आपणहून सांगतोच. डीगन दारातच उभी राहून प्रश्न विचारायची आणि चहाला नको म्हणायची. कार्नबॉयमध्ये एखाद्याला बेड्या घातलेल्या चालतात, चहाला नको म्हटलेलं चालत नाही.

वाटेत तिने विचारलं की तुमचा गुडघा का हलतोय. सार्जंट म्हणाला, हवा बदलतेय. तिने काचेतून आभाळाकडे पाहिलं. ते सकाळपासून होतं तसंच होतं.

"पडून मेला, एवढंच आहे ना?" तिने विचारलं.

"एवढंच दिसतंय."

"तुम्ही अजून पाहिलं नाहीये, सार्जंट."

त्याने खिडकी खाली केली, मग वर केली.

कोलमन हेरिटीला जिवंतपणी भेटायला कोणी जात नसे. त्याने तळ्याकडे जाणारी पायवाट काटेरी तारेने बंद केली होती, दोन शेजाऱ्यांच्या कुत्र्यांवर गोळी झाडली होती, आणि सख्ख्या भावाला तो लोकांसमोर 'ए गाढवा' अशी हाक मारायचा. आता त्याच्या अंगणात गाडी लावायला जागा नव्हती. डीगनने ती रस्त्यात सोडली आणि कोठाराकडे निघाली. तिथे दोन माणसं शिडीवरून माळ्यावरच्या जुन्या खुर्च्या खाली उतरवत होती.

"ही तीच शिडी?" डीगनने विचारलं.

एक जण म्हणाला हो, जपून, ती घसरते.

शिडीखालची फरशी घासून धुतलेली होती. एवढी माणसं येणार, म्हणून डिलियाने पहिल्यांदा तीच धुतली. कोलमनचा शर्टही धुतला होता. तो दोरीवर हात पसरून वाऱ्यात फडफडत होता. खुद्द कोलमन पुढच्या खोलीत काळ्या सुटात, दाढी करून, बोटांत जपमाळ गुंफून झोपवलेला होता. डोक्यामागची जखम उशीत गेली होती. आधी आंघोळ, मग मेणबत्त्या, मग फादर, मग सँडविच. पोलिसांना कळवायचं राहिलं हे तिसऱ्या किटलीनंतर कोणाच्या तरी लक्षात आलं. डॉक्टर तळ्यापलीकडे एका बाळंतपणात अडकला होता.

डीगनने खालच्या आवाजात सार्जंटला विचारलं की या गावात खून झाला तरी हे लोक असंच करतील का. सार्जंटने थोडा विचार केला. सँडविच जास्त करतील, तो म्हणाला.

फेस्टीचा जबाब तिने स्वयंपाकघरात घेतला. फेस्टी लांब, वाकलेला माणूस. बोलताना तो किटली हातातून सोडत नव्हता. जो येईल त्याच्या कपात ओतत होता. त्याने सांगितलं की सकाळी मिस्सेला निघालो तेव्हा कोलमन टेबलाशी बसून अंडं खात होता. चुलीजवळच्या खुर्चीतून नोनी म्हणाली, दोन अंडी. फेस्टी म्हणाला, हो, दोन. डीगनने विचारलं की एक का दोन. आत्या आणि भाचा दोघेही म्हणाले, दोन.

डिलिया भिंतीशी उभी राहून कप पुसत होती. कोलमनला तिनेच न्हाऊ घातलं होतं. त्याचे हात वाकेनात, म्हणून तिला कोट पाठीवर उसवून घालावा लागला होता. सकाळी अंडी खाल्लेल्या माणसाचे हात दुपारी एवढे ताठ होत नाहीत. तिने तो कप पुन्हा पुसायला घेतला.

सार्जंट खिडकीशी गेला, तिथून दाराशी, दारातून कोलमनच्या खोलीत डोकावून परत. नोनीच्या खुर्चीमागे एक छोटी बॅग होती, नवी, पट्टा बांधलेली. उद्या, सोमवारी, गावातल्या वृद्धाश्रमाची गाडी नोनीला न्यायला येणार होती. हे कोलमनने ठरवलं होतं आणि सगळ्या कार्नबॉयला माहीत होतं. नोनीने ही दोन पोरं आई गेल्यापासून वाढवली होती. फेस्टीला बोलता येईना तेव्हा शब्द तिने शिकवले, आणि अजूनही त्याचं निम्मं बोलणं तिच्याकडे पाहूनच व्हायचं.

सार्जंटला एवढंच हवं होतं की डीगनने जबाब संपवावा, कोलमन पडून मेला असं लिहावं, आणि दोघांनी निघावं. मिस्सेला न जाणारी पोलीस आपल्याकडे आहे, याचा त्याला पहिल्यांदाच आनंद झाला. तिने ते ढेकूळ पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं असतं तरी तिला ते नुसतं ढेकूळच दिसलं असतं. फेस्टीचं उरलेलं आयुष्य तेवढ्यावर टिकून होतं.

डीगन मात्र आज हलायला तयार नव्हती. एरवी दारात उभी राहणारी ती पोरगी खुर्ची ओढून टेबलाशी बसली होती.

"सार्जंट, बसा ना," ती म्हणाली. "मला तुमच्याकडे बघूनच चक्कर येतेय."

तेवढ्यात मार्टी केव्हनी आत आला. कार्नबॉयमध्ये कबर शेजारीच खणतात, आणि त्यांच्यात कोण काय करणार हे मार्टी ठरवतो. तो भला माणूस आहे. विचार मात्र बोलून झाल्यावर करतो. टोपी काढून त्याने फेस्टीचा हात हातात घेतला आणि म्हणाला की काही काळजी करू नकोस, उद्या सकाळी आम्ही चौघं उघडतो, मंगळवारी पुरता येईल.

"सोमवारचीही चिंता नको," तो म्हणाला. "मी तुला ढेकळाची आठवण करणार होतो, पण तू आधीच काढलेलं. सकाळी मिस्सेला जातानाच दिसलं मला. तुझं सगळं वेळेवर असतं, फेस्टी."

बोलून झाल्यावर त्याने विचार केला. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"कसलं ढेकूळ?" डीगनने विचारलं.

दाराशी बसलेल्या एका पाहुण्या बाईने, जी स्लायगोहून आली होती आणि सकाळी इथल्या मिस्सेला नव्हती, मोठ्या कौतुकाने सगळं समजावून सांगितलं. सोमवार, रविवार, वर्षाच्या आत दुसरा माणूस, सगळं. आमच्याकडे ही रीत बंद पडली, तुम्ही पाळता हे किती छान, असंही म्हणाली. डीगनने तिचं पूर्ण ऐकून घेतलं. मग मार्टीकडे वळून विचारलं की मिस्सेला जाताना दिसलं की येताना.

मार्टी म्हणाला, येताना. मग म्हणाला, खरं तर मीच काढलं, विसरलो होतो. चुलीपाशी उभा असलेला एक जण म्हणाला, नाही रे, मी काढलं. डिलिया म्हणाली, माझ्या नवऱ्याने काढलं. डिलियाचा नवरा नाताळपासून लिव्हरपूलमध्ये आहे. एका ढेकळाला आता तीन मालक झाले होते आणि चौथा खाकरत होता. डीगनने हात वर केला.

"सार्जंट, तुम्ही मिस्सेला होतात."

"होतो."

"दिसलं?"

सार्जंट दार आणि खिडकी यांच्या मध्ये उभा होता. फेस्टीने किटली दोन्ही हातांनी धरली होती आणि तो जमिनीकडे पाहत होता.

"जाताना दिसलं," सार्जंट म्हणाला.

"मग? काय वाटलं तुम्हाला?"

"मला वाटलं, नोनी गेली."

खोलीने श्वास सोडला. ते शब्दन् शब्द खरं होतं, आणि याहून चांगलं खोटं कोणाला सुचलं नसतं.

नोनीने ते लगेच उचललं. "मॅलाकीचं बरोबर आहे," ती म्हणाली. "ते माझंच आहे. काल माझी छाती भरून आली होती. मीच फेस्टीला म्हटलं, मी काही सोमवार बघत नाही, पहाटे जा आणि माझं ढेकूळ काढून ठेव."

"आणि आता कसं वाटतंय?" डीगनने विचारलं.

"आता बरंय. पण म्हणून काय झालं? ढेकूळ काढलंय ना. ज्याच्या नावाने काढलं त्याला जावं लागतं."

तिने ते दुकानातून काय आणायचं हे सांगावं तसं सांगितलं. भिंतीशी बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी क्रूस केला. डिलियाने कप खाली ठेवला. नोनी हे नुसतं पोलिसांसाठी म्हणत नव्हती. एकदा सगळ्यांसमोर म्हटल्यावर ते तिचं झालं होतं, आणि ती ते मागे घेणारी बाई नव्हती.

डीगनकडे एक धुतलेली फरशी होती, एक धुतलेला शर्ट होता, अर्ध्या गावाचे हात लागलेली शिडी होती, आणि एक्क्याण्णव वर्षांच्या बाईचा जबाब. ती टेबलावर हात टेकून उठली. सार्जंटने दार उघडून धरलं. घाई केल्यासारखं दिसू नये म्हणून त्याने ते पुन्हा थोडं लोटलं.

इकडे नोनी थांबली नव्हती. तिने डिलियाला सांगितलं की माझा तपकिरी झगा वरच्या पेटीत आहे, इस्त्री करून ठेव. माझ्या वेळी हे सँडविच नकोत, यांच्या कडा सुकतात. आणि मला कोलमनच्या वर घाला, खाली नको. जन्मभर त्याचं ऐकून घेतलं. मार्टीने मान हलवली, कबर किती खोल घ्यायची याच्या हिशेबाला तो लागलाही होता. मग तिने फेस्टीला जवळ बोलावलं आणि म्हणाली की मी गेल्यावर कोंबड्या विकू नकोस, तुला सोबत होईल.

फेस्टी चहा ओतत होता. कप भरला, बशी भरली, चहा टेबलावरून जमिनीवर गळायला लागला, तरी तो ओतत राहिला.

"आत्या, गप्प बस," तो म्हणाला.

ती गप्प बसली. हे त्याने यापूर्वी तिला कधीच म्हटलं नव्हतं.

"ते तुझं नाही. त्याचंच आहे." त्याने किटली खाली ठेवली. आता हातांचं काय करावं हे त्याला कळेना. "काल संध्याकाळी तो माळ्यावर होता. म्हणाला, तिची बॅग भरून ठेव, गाडी सकाळी लवकर येईल. मी खाली शिडी धरून होतो. नेहमी मीच धरतो, ती घसरते. मग नाही धरली."

"फेस्टी," सार्जंट म्हणाला, "आत्ता काही बोलायलाच पाहिजे असं नाही."

"नाही धरली, मॅलाकी."

डीगनने विचारलं की मग रात्रभर कोलमन तिथेच होता का. फेस्टी म्हणाला, तिथेच. आणि मग मिस्सेच्या आधी ढेकूळ का काढलंस, तिने विचारलं, कोणी पाहील असं वाटलं नाही?

फेस्टीला प्रश्न कळायला वेळ लागला. "सापडल्यावर माणसं येणार," तो म्हणाला. "मला कोणी बाहेर सोडलं नसतं. रविवार संपला असता. मग कबर सोमवारी उघडली असती." त्याने नोनीकडे पाहिलं. "घरात दुसरं आहेच कोण?"

डिलियाने फडकं आणून चहा पुसला. नोनी चुलीकडे पाहत होती.

"दोन अंडी खाल्ली त्याने," ती म्हणाली. "मी उकडून दिली."

अटक करताना जे बोलायचं असतं ते डीगनने फेस्टीला बोलून दाखवलं, हळू आणि स्पष्ट. मग तिने जिल्ह्याच्या इस्पितळाला फोन लावण्यासाठी अंगणभर फिरून रेंज शोधली. ती परत आली आणि म्हणाली की मयत उघडून तपासावं लागेल, गुरुवारच्या आधी परत मिळणार नाही. कोणी सामान आवरायला घेतलं नाही. मयत असो वा नसो, केलेलं खाणं होतं.

"गुरुवार," मार्टी म्हणाला. "म्हणजे सोमवारी खणायचंच नव्हतं." बोलून झाल्यावर त्याने विचार केला आणि टोपी घालून बाहेर गेला.

निघताना नोनीने फेस्टीच्या खिशात कागदात गुंडाळलेले सँडविच कोंबले. डीगनने पाहिलं. नियमाप्रमाणे ते काढून घ्यायला हवे होते, पण तिने घेतले नाहीत. डिलिया म्हणाली की आज रात्रीपासून मी इथेच झोपते, ती बॅग मी रिकामी करते. फेस्टीने मान हलवली.

सार्जंट गाडीत मागे फेस्टीशेजारी बसला. त्याचा गुडघा हलत होता, फेस्टीचा स्थिर होता. चर्चजवळ आल्यावर फेस्टी म्हणाला की एक काम होतं. ते ढेकूळ परत लावायला पाहिजे. उद्या कोणी खणणार नसेल तर ते तसं उघडं ठेवणं बरं नाही. उघडलेली जागा वाट बघत राहते.

डीगनने गाडी थांबवली. इंजिन चालूच ठेवलं. मग म्हणाली की तो पुरावा आहे. धुतला गेला नाही असा एकुलता एक पुरावा. नियमाने ते ढेकूळ पिशवीत घालून, मोहोर लावून न्यायला हवं.

"नियमाने," सार्जंट म्हणाला.

ती पिशवी घेऊन उतरली. गाडीतून त्या दोघांना ती दिसत होती: थडग्यापाशी उकिडवी बसलेली, केस वाऱ्याने तोंडावर येणारे. तिने पट्टी टाकून फोटो काढले, चारही बाजूंनी. मग पिशवी हातात घेतली, आणि तशीच बसून राहिली. सार्जंटने दाराच्या कडीवर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

शेवटी तिने पिशवी खिशात घातली आणि ढेकूळ दोन्ही हातांनी उचललं.

"गवत वर," फेस्टी काचेआडून पुटपुटला.

तिने गवत वर ठेवलं. पण दिवसभराच्या वाऱ्याने ढेकूळ वाळून आक्रसलं होतं, ते खड्ड्यात नीट बसेना. तिने एक बाजू दाबली की दुसरी उचलायची. ती उभी राहिली आणि बुटाने दाबायला लागली. मग तिने गाडीकडे वळून पाहिलं. सार्जंट उतरला. हेरिटींच्या थडग्यावर दोन पोलीस आळीपाळीने पाय आपटत असलेले त्या संध्याकाळी रोझरीच्या प्रार्थनेला येणाऱ्या तीन बायकांनी पाहिले, आणि त्या काही न बोलता आत गेल्या.

"काढून ठेवलंच नसतं तर?" डीगनने दम खात विचारलं. "किंवा मी नेलं असतं तर? काय झालं असतं?"

"काही नाही. काहीच झालं नसतं."

"मग आपण हे काय करतोय?"

एक कोपरा अजून वर येत होता. सार्जंटने त्यावर टाच ठेवली आणि सगळं वजन टाकलं.

"बसलं?" तिने विचारलं.

"बसलं," तो म्हणाला. "तू गाडीत जा. त्याला एकटं ठेवू नकोस."

ती गेली. तिने हॉर्न वाजवला नाही. सार्जंट तिथेच उभा होता. त्याने पाय उचलला नाही.